हिरव्या ट्रंकेचा पक्ष

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. कडी मोडलेली, कोपरे चेपलेले. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव केलेली मला खपत नाही. मला राग आला आहे, तो तेवढा ऐकून घ्या.

मुंबईत एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्याकडे हिरवा रंग उरला होता, म्हणून मी हिरवी. एवढंच. त्यात माझं काही मत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. आत्माराम मास्तरांनी मला विकत घेतलं आणि बोटीने दाभोळला आणलं. खाडीपलीकडे, अंजनवेलजवळच्या एका वाडीत त्यांची शाळा होती. तिथे मी नकाशे, पाट्या, खडू सांभाळले. पोरं माझ्यावर हात फिरवून म्हणायची, "काय झकास रंग हाय!" मला फार बरं वाटायचं. काय भोळी होते मी!

मग शाळा लोकल बोर्डाच्या हाती आल्या. कारभार लोकांच्या हाती आला, छान झालं, असं सगळे म्हणाले. पण आमच्या वाडीत लोक होते कुठे? दोन पक्ष होते. भांडण मूळचं शिमग्यातलं. पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचवायची, यावरून भिकाजीशेट आणि गंगारामभाऊ यांचं फाटलं, आणि तेच भांडण दोघांनी उचलून बोर्डात नेलं. निवडणुकीत भिकाजीशेटची पेटी तांबडी, गंगारामभाऊंची हिरवी. ज्याला अक्षर येत नाही, त्याने रंग बघून चिठ्ठी टाकायची. झालं! वाडीत बायकांच्या लुगड्यांकडेसुद्धा लोक संशयाने बघू लागले.

तांबडे निवडून आले. त्यांच्यातल्या कुणीतरी शाळेत मला पाहिलं. "मास्तर हिरव्यांचा!" लगेच मास्तरांची बदली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची बायको सगुणाबाई रडकुंडीला आली. "अहो, हिला काळा रंग फासा नि मोकळे व्हा."

"आज ट्रंकेला फासला, तर उद्या तोंडाला फासावा लागेल," मास्तर म्हणाले. हट्टी माणूस.

पुढच्या खेपेला हिरवे आले आणि मास्तरांना वाजतगाजत परत घेऊन आले. "आमच्यासाठी सोसलंत हो!" म्हणत गंगारामभाऊंनी मलासुद्धा हार घातला. मी कुणाचाच नाही, असं मास्तर घसा ताणून सांगत होते. ऐकतो कोण? शी! त्या झेंडूचा वास मला अजून आठवतो.

याच शाळेत येसूबाईची मथुरा शिकत होती. बाप बोटीवर खलाशी, घर काकाच्या हाती. फायनलच्या परीक्षेला बसणारी वाडीतली ही पहिली मुलगी. पास झाली असती तर मास्तरीण झाली असती. पण काकाने मुंबईचा एक बिजवर बघून ठेवला होता. "फायनल झाली तर शिकव पुढे, नाही तर हळद," असं त्याने येसूबाईला बजावलं होतं. घरात वाळवी फार, म्हणून मथुरेची पुस्तकं आणि परीक्षेला बसायची चिठ्ठी मास्तरांनी माझ्यात ठेवली होती.

आणि नेमके तेव्हाच तांबडे परत आले. मथुरा रत्नागिरीला परीक्षेला निघायची, त्याच सकाळी भिकाजीशेटनी मास्तरांना काढून शाळेला कुलूप ठोकलं. हिरव्यांनी काय करावं? ते कुलूप काढायचं सोडून त्यावर आपलं दुसरं ठोकलं! "आमच्या मास्तराशिवाय शाळा उघडू देणार नाय!" मी आतच राहिले.

दुपारी बाहेर आवाज आले. मथुरा दारावर थापा मारत होती.

"भिकाजीशेट, पाया पडते," येसूबाई म्हणाली. "बोट सुटेल. पोरीची चिठ्ठी आत हाय."

"काढतो की. आधी त्यांना काढू दे."

"गंगारामभाऊ, तुमी तरी..."

"मी आधी काढू? म्हणजे मी हरलो, असंच ना?"

"अरे, मुलीचं वाटोळं होतंय!" मास्तर ओरडले. दोघांच्या कनवटीला किल्ल्या होत्या. दोघेही हलले नाहीत. मेल्यांनो, एक किल्ली फिरवायला काय जात होतं तुमचं? दाभोळकडून बोटीचा भोंगा वाजला, तशा मथुरेच्या थापा थांबल्या.

तिला हळद लागली. ती मुंबईला गेली.

कुलपं निघाली, पण कधी, माहीत आहे? शाळा तपासायला साहेब आला तेव्हा. दोघांनी हसत हसत एकदम काढली आणि साहेबापुढे शहाळी ठेवली.

मास्तरांनी मला येसूबाईला देऊन टाकलं. तिने आतलं काही हलवलं नाही. पण राख आणि नारळाचं सोडण घेऊन तिने माझा हिरवा रंग घासून घासून काढला. हात सोलवटले, तरी थांबली नाही.

परवा पुन्हा निवडणूक आली. मथुरेच्या काकाचं मत मागायला भिकाजीशेट आले, पाठोपाठ गंगारामभाऊ. भिकाजीशेट माझ्यावर टेकले. येसूबाई चुलीपासून उठून आली.

"उठा."

"काय झालं गो?"

"आत माझ्या मथुरेची परीक्षा हाय. तिच्यावर बसू नका."

भिकाजीशेट उठले. दोघे पायरी उतरून गेले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्यातरी पेटीत चिठ्ठी टाकाल. खुशाल टाका. भांडायचं तर भांडा. पण दाराला कुलूप घालण्याआधी आत कोणाचं काय राहिलं आहे, एवढं बघत जा. माझा पत्रा आता गंजेल, त्याचं काही नाही. मथुरेची पुस्तकं मात्र मी अजून कोरडी ठेवली आहेत.