पाणकणसाच्या काड्या

डिसेंबरच्या दोन तारखेला गुद्रुन लोबे कुबड्या टेकत आपल्या बागेच्या फाटकाशी आली आणि आत पाऊल टाकायच्या आधीच तिच्या तोंडून जी शिवी गेली, ती आजूबाजूच्या तीन बागांत ऐकू गेली. लाइपझिगच्या ट्रामवर एकतीस वर्षं चालक म्हणून काढलेल्या बाईची शिवी होती ती. रुळांवर आडव्या लावलेल्या मोटारींसाठी जपून ठेवलेली.

तळ्याकाठची पाणकणसं गेली होती. सगळी. पुरुषभर उंचीच्या, वाळून पिवळ्या झालेल्या त्या काड्या हिवाळाभर तशाच उभ्या राहायला हव्या होत्या. कुणीतरी त्या पाण्याखाली चार बोटं जाऊन, एका पातळीत छाटून टाकल्या होत्या. खडी दाताळ्यानं सारखी केली होती. वर कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या हिरव्या सुतळीनं बांधून, टोकाला टोक जुळवून, खोपटाच्या भिंतीशी रांगेनं उभ्या करून ठेवल्या होत्या. तो नीटनेटकेपणा बघून गुद्रुनच्या अंगाचा तिळपापड झाला. सत्यानाश करायचाच होता तर निदान गबाळेपणानं तरी करायचा!

"हेल्मार!"

हेल्मार वेंट कुंपणापलीकडे सफरचंदाच्या बुंध्याला चुना लावत होता. बावीस वर्षांपासूनचा शेजारी. कांदे लावायचे तर दोघांनी एकदम लावायचे, प्लमचा केक कुणी का भाजेना, तो दोन्हीकडे खायचा, असा शेजार. शहरातल्या लोकांना बागेचे तुकडे भाड्यानं देणाऱ्या बागसंस्थेच्या समितीवरही तो होता. तिथं त्याचं काम एवढंच की अध्यक्ष राष्के बागा मोजायला निघाले की मापाच्या फितीचं शून्याकडचं टोक धरून उभं राहायचं.

"आलीस? खुबा कसा आहे नवीन?"

"खुबा गेला खड्ड्यात. हे कुणी केलं?"

"संस्थेच्या कामदिवसाला केलं, सगळ्यांनी मिळून. तू इस्पितळात होतीस, मग तुझ्या वाट्याचं आम्हीच उरकलं. सहा जण लागलो होतो." हेल्मारनं कुंचला डब्यात बुडवला आणि बाहेर काढलाच नाही. "राष्के म्हणाला, भाजीचे वाफे पंधरा नोव्हेंबरच्या आत मोकळे करायचे, नियम आहे."

"हा भाजीचा वाफा आहे?"

"तूच म्हणालीस, गुद्रुन."

खरं होतं ते. तीच म्हणाली होती, आणि तेही टेबलावर हात आपटून.

तीन वर्षांपूर्वी तिचं तळं हिरवंगार झालं होतं आणि त्याला वास मारत होता, तेव्हा समितीनं बजावलं होतं, पाणी साफ करा नाहीतर तळं बुजवा. गुद्रुननं तळ्याला लागून सहा चौरस मीटरचा खड्डा खणला, गुडघाभर खोल. त्यात रबराचा ताव अंथरला, तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकला आणि वर खडी भरली, एकेक बादली तीन-तीनदा धुऊन. पंप तळ्याच्या बुडाचं घाण पाणी त्या पाइपात ढकलायचा, पाणी खडीतून आणि मुळांमधून हळूहळू वर चढायचं, मुळं त्यातली घाण खायची आणि निवळशंख पाणी परत तळ्यात ओघळायचं. खडीत तिनं पाणकणसं लावली, पाणपुदिना लावला, वॉटरक्रेस ही अळिवासारख्या तिखट चवीची, पाण्यात वाढणारी भाजी लावली. माती मात्र चिमूटभरही येऊ दिली नाही. मातीतून पोट भरायला लागलं तर मुळं पाण्यातली घाण कशाला खातील? महिन्याभरात तळाशी पडलेलं नाणंसुद्धा दिसायला लागलं, आणि तिचे अकरा सोनेरी मासे इतक्या दिवसांनी नीट मोजता आले.

मग या मे महिन्यात अध्यक्ष फोल्कमार राष्के नवं पत्र घेऊन आले. बागेचा एक तृतीयांश भाग फळं आणि भाजीखाली हवा, तुमचा भरत नाही, तळं शोभेचं आहे, बुजवा. गुद्रुननं सभेला पाच लिटर सूप नेलं. बटाटे, साय आणि पाण्यातली ती भाजी, वरून उकडलेल्या अंड्याचे तुकडे. चाळीस माणसांनी ओरपलं, राष्केंनी दोनदा घेतलं. वाट्या रिकाम्या झाल्यावर ती उभी राहिली.

"आवडलं ना? हे माझ्या शोभेच्या तळ्यातलं. पाणकणसाचे कंदसुद्धा खातात, हवेत तर पुढच्या वेळी तळून आणते. सहा चौरस मीटर आहे, आणि तो भाजीचा वाफा आहे. लिहा इतिवृत्तात!"

लोक खो खो हसले. राष्के हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लिहिलं, तिची सही घेतली. तो माणूस वाईट नव्हता. कागदावर आलेली गोष्ट मात्र त्याच्या लेखी सूर्य उगवल्याइतकी पक्की असायची. तेव्हा गुद्रुनला वाटलं होतं, जिरवली बेट्याची. आता पंधरा नोव्हेंबर होऊन गेल्यावर कळलं की कागदावर भाजीचा वाफा झाल्याबरोबर भाजीच्या वाफ्याचे सगळे नियमही येऊन बसले होते. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे तिला कळलं आणि त्यामुळे ती आणखीच भडकली.

पण तिचा खरा संताप ना राष्केंवर होता, ना स्वतःवर.

"हेल्मार, तुला माहीत होतं."

हेल्मारनं डब्यात कुंचला ढवळला.

"पहिल्याच हिवाळ्यात तू कात्री घेऊन आला होतास, आठवतं? मी तुझ्या हातावर चापट मारली होती. काय सांगितलं होतं मी?"

"काड्या कापायच्या नाहीत."

"का?"

"पोकळ असतात," हेल्मार मान खाली घालून म्हणाला, शाळेतल्या पोरासारखा. "त्यांतून मुळं श्वास घेतात. आणि तळ्यावर बर्फ धरला की काड्यांच्या कडेनं खालचा कुजका वायू बाहेर पडतो, म्हणून मासे जगतात. पाण्याखाली कापलं तर आत पाणी शिरतं आणि मुळं कुजतात."

"पाठ आहे की सगळं! मग?"

"सगळे उभे होते गं, कात्र्या घेऊन. राष्के कागद वाचत होता, तुझी सही दाखवत होता. मी म्हणणार होतो काहीतरी..."

"म्हणालास?"

हेल्मारनं डब्याचं झाकण लावायला घेतलं. 

"पेंढ्या मात्र छान बांधल्यास," गुद्रुन म्हणाली आणि वळली. त्यानंतर ती त्याच्याशी चार महिने एक शब्द बोलली नाही.

कापलेल्या काड्या परत चिकटवता येत नाहीत, पण त्याच काड्यांनी निदान मासे वाचवता येण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी तिनं तीन पेंढ्यांच्या बुडाशी एकेक वीट बांधली आणि त्या तळ्याच्या सगळ्यात खोल जागी उभ्या सोडल्या, म्हणजे बर्फ धरला तरी पेंढ्यांच्या पोकळीतून हवेला वाट राहील. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात वीट. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी हे पाहिलं असतं तर तिला परत खाटेवर बांधून घातलं असतं. कुंपणाजवळ येऊन हेल्मार म्हणाला, "मी करू का?" तिनं वीट अशी काही उचलली की तो मागे सरकला.

जानेवारीत उणे बारापर्यंत पारा उतरला. गुद्रुन रोज ट्रामनं यायची, खोपटात पाणी उकळायची आणि पेंढ्यांभोवती धरलेल्या बर्फावर गरम पातेलं टेकवून बसायची. बर्फ फोडायचा नाही, त्या हादऱ्यानं खाली निपचित पडलेले मासे मरतात. ती बसायची आणि मनातल्या मनात हेल्मारला सोलून काढायची. रोज सकाळी तिच्या फाटकापर्यंतची वाट कुणीतरी बर्फ काढून साफ केलेली असायची. कुणी, ते सांगायला नको होतं. गुद्रुन त्या साफ वाटेवरून एकदाही चालली नाही. नवा खुबा सांभाळत, कडेच्या घोटाभर बर्फातून ती मुद्दाम वेगळी चालत यायची. उद्या पडले तर पडू दे, पण त्या माणसाच्या फावड्याचं ओझं नको.

मार्चमध्ये बर्फ वितळला. चार मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. सात जिवंत होते, तळाशी सुस्त, पण कल्ले हलत होते. खडीत मात्र काहीच उरलं नव्हतं, कुजणाऱ्या मुळांनी पुदिना आणि ती भाजीही नासवली होती. गुद्रुननं पाणकणसाचा एक खुंट दोन बोटांत दाबला. तो पिकल्या केळ्यासारखा दबला, आतून काळं पाणी आलं आणि नासक्या अंड्याचा वास सुटला. तिनं दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग दाबणं सोडून दिलं. चारही मासे तिनं प्लमच्या झाडाखाली पुरले आणि पहिल्यांदाच रडली, तीही रागानंच.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पाहणी होती. राष्के वही घेऊन आले. मागून हेल्मार, फितीचं टोक धरून.

"नमस्कार, फ्राऊ लोबे. तब्येत?"

"मोजा."

राष्केंनी मोजलं. खडी होती सहा चौरस मीटर, पण तिच्यात हिरवं पान एकही नव्हतं. त्यांनी दोनदा पाहिलं. तो माणूस प्रामाणिक होता, डोळ्यांना दिसत नाही ते तो लिहिणार नव्हता.

"भाजी नाही. म्हणजे वाफा नाही. म्हणजे एक तृतीयांश भरत नाही." त्यांचा आवाज खाली आला. "मला वाईट वाटतं, खरंच. पण तळं सप्टेंबरअखेर बुजवावं लागेल."

 गुद्रुन राष्केंकडे बघतही नव्हती. ती बघत होती फितीच्या दुसऱ्या टोकाकडे, आणि असं बघत होती की कुणाचीही पाचावर धारण बसावी.

हेल्मारनं टोक सोडलं.

पोलादी फीत सणसणत खडीवरून मागे गेली आणि राष्केंच्या बोटांवर फाडकन बसली.

"आई गं! हेल्मार, शुद्धीवर आहेस ना?"

"लिही, फोल्कमार," हेल्मार म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वाफा संस्थेनं मारला. कामदिवसाला. कात्री माझ्या हातात होती. काड्या कापल्या की मुळं मरतात, हे मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं? कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"आणि तू बोलला नाहीस?"

"नाही बोललो."

राष्केंनी दुखरी बोटं चोखली. मग त्यांनी टोपण काढलं. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, म्हणजे नंतर कुणी वाद घालायला नको. "नुकसान संस्थेकडून. संस्थेनं पूर्ववत करून द्यायचं. मुदत एक वर्ष. तोवर तळं राहील." त्यांनी वही मिटली, गुद्रुनपुढे मान किंचित लववली आणि फीत खिशात घालून एकटेच पुढच्या बागेकडे गेले.

तळं वाचलं होतं. गुद्रुनच्या छातीवरचं एक ओझं उतरलं, पण राग तसूभरही हलला नाही.

"हेच तोंड होतं ना नोव्हेंबरात तुझ्याकडे?" ती म्हणाली. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"हेच होतं."

"चार मासे, हेल्मार."

"माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग होतो, ते बघितलं मी. गुडघ्यावर बस."

हेल्मार सत्तर वर्षांचा होता आणि त्याची पँट इस्त्रीची होती. तो ओल्या खडीत गुडघ्यावर बसला.

"आता हे सगळे खुंट काढ. दाताळं नको, हातानं. खडीत कुजकं मूळ राहिलं तर नवं लागत नाही."

त्यानं बाही न सरसावताच हात खाली घातला. पहिला खुंट बाहेर आला तो काळा, लिबलिबीत, घाण वासाचा. हेल्मारनं तोंड फिरवलं.

"फिरवू नकोस. एक," गुद्रुन म्हणाली.

त्यानं दुसरा काढला.

"दोन."

सगळे मिळून एकशे चौदा होते. दुपारी जेवणाची वेळ झाली, आजूबाजूच्या बागांतून सॉसेज भाजल्याचे वास आले, लोक कुंपणावरून डोकावून निमूट परत गेले. गुद्रुन नव्या खुब्यावर उभी राहून शेवटपर्यंत मोजत होती, आणि तिनं त्याला एकही सोडू दिला नाही.