इस्त्रीच्या खोलीतला उभा दगड

मित्रांनो, मी एक जुना उभा दगड आहे. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, भिंतीत अर्धा चिणलेला. डोक्यावर छताची तुळई आणि तोंडासमोर ओल्या चादरींचा ढीग. इथे दिवसभर वाफ असते, ऊन कधीच नसते.

एकेकाळी मी उघड्या माळावर होतो. पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांनी मला दोरखंडांनी ओढत आणून उभे केले. माझ्याजवळून पाहताना सूर्य समोरच्या खिंडीत मावळला, की पेरणीची वेळ झाली असे ते समजत. बियाणे एका म्हातारीच्या ताब्यात असे. एका वर्षी ऊब लवकर आली. तिचा मुलगा म्हणाला, "आई, आता पेरूया. पोरं उपाशी आहेत."

"सूर्य खिंडीत पोचला नाही अजून. हे बियाणं गेलं तर दुसरं कुठून आणशील?"

ती मला टेकून बियाण्याच्या रांजणापाशी बसून राहिली. मुलगा तिच्याशी बोलेनासा झाला. पण थोड्याच दिवसांत कडाक्याचे हिम पडले आणि बियाणे वाचले. त्या वर्षी सगळ्यांनी येऊन माझ्यावर हात फिरवला.

पुढे माझी गरज सरली. माळावर शहर वाढले. मी हलेना, म्हणून घर बांधणाऱ्यांनी मला भिंतीत घेतले, वर गिलावा फासला. मी आंधळा झालो.

गेल्या वर्षी ओलीने गिलावा गळून पडला. जुन्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "याला बाहेर काढायला हवं."

मी केवढा हरखलो!

"इतकी वर्षं गुपचूप उभा होता, आता बरे पाय फुटले याला," लाँड्रीवालीची सासू पुटपुटली.

गवंड्याने तुळई ठोकून पाहिली. "दगड काढला तर छत खाली येईल, ताई."

"मग आम्ही जायचं कुठे?" लाँड्रीवालीने विचारले.

वरच्या खोलीत तिचे बाळ रांगत होते. त्याचे इवलेसे गुडघे तुळईतून मला जाणवत होते. बाईंनी वर छताकडे पाहिले. मग म्हणाल्या, "राहू दे."

मला बाहेर यायचे होते, मित्रांनो. अजूनही यायचे आहे. पण ते गुडघे मीच तोलून धरले आहेत.

जाताना लाँड्रीवालीने त्यांना विचारले, "पूर्वी हा दगड कुठल्या बाजूला बघायचा?"

बाईंनी कपड्यांच्या फळीकडे बोट केले. "त्या भिंतीपलीकडे, खिंडीच्या दिशेला."

लाँड्रीवाली क्षणभर भिंतीकडे पाहत राहिली. मग तिने इस्त्री उचलली.

कुठे उघड्यावर एखादा जुना दगड उभा दिसला, तर त्याच्याभोवती भिंत घालण्याआधी त्याच्या शेजारी जरा उभे राहा. तो कुठे पाहतो आहे, तेवढे बघा.