अळणी श्रावण

काशीत रामघाटावर माझ्या भावाचा, वेणीमाधवदादाचा, एवढा मान आहे की तो शिंकला तरी त्याचे विद्यार्थी त्यात शकुन शोधतात. त्याच्या हृदयाला हे कुणी कळवलेलं नाही. ते दोन वर्षांपासून अशक्त झालं आहे.

डॉक्टरांनी त्याला एक छोटी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. श्रावण लागताच त्याने ती बंद केली आणि मीठही सोडलं. भाद्रपदातल्या चतुर्थीला तो शिकवतो त्या वेदपाठशाळेचं पारायण सुरू होणार होतं, मुख्य आसन त्याचं होतं. महिनाभर अळणी जेवणाऱ्याला गोळी कशाला, असं त्याने तिथे जाहीर केलं. घरी नाही. गीतावहिनींना ते शेजारणीकडून समजलं आणि त्यांनी मला फोन केला.

मी विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मूत्रपिंडाच्या पेशी हा माझा विषय. दादाच्या मते तो मुळातच अशुचि आहे.

मी गेले तेव्हा तो घरी विद्यार्थ्यांना शिकवत, उपरणं गळ्यापर्यंत लपेटून बसला होता. एवढ्या उकाड्यात. आमच्याकडे पुरुष घरात उघडेच वावरतात. गोळीचा काही त्रास होतोय का, असं मी विचारलं. कसलाही नाही, तो म्हणाला.

मग मी त्याला समजावलं. अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक पेशीत शिरतं, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि त्याच्यासह केंद्रकात जातं. पहिल्या तासा-दोन तासांत फारसं काही घडत नाही. मीठ आत घेणारी जी दारं आधीच असतात, ती जास्त वेळ उघडी राहतात, एवढंच. खरं काम त्यानंतरचं. जनुकं वाचली जातात, नवी दारं, नवे पंप घडवले जातात, आणि हे दिवसेंदिवस चालतं. गोळी त्या प्रथिनावरची जागा अडवून बसते. अशक्त हृदयाच्या माणसात हे संप्रेरक आधीच जास्त असतं, आणि मीठ तोडलं की शरीर ते आणखी स्रवतं. म्हणजे महिनाभर पेशी दारं घडवत बसणार, आणि ज्या दिवशी मीठ येईल त्या दिवशी ते सगळं आत ओढणार, मागोमाग पाणीही.

दादाने डोळे मिटून ऐकलं. विद्यार्थी म्हणताना चुकला की तो असेच डोळे मिटतो.

"मालू, गोळी सोडून आठवडा झाला," तो म्हणाला. "काय झालं मला? उलट हलकं वाटतंय. तुझ्या पेशी फार सुस्त दिसतात बाई. आमच्या मंत्राला एवढा वेळ लागत नाही."

विद्यार्थी हसले. आत ओढायला अजून मीठच नाही म्हणून काही दिसत नाही, हे मी सांगितलं, पण तोवर त्याने पुढची ऋचा सुरू केली होती.

इथल्या लोकांचा सावन पौर्णिमेलाच संपला होता, आमचा श्रावण अमावास्येला संपला. प्रतिपदेला संकठा घाटावरच्या एका यजमानांकडे पारणं झालं. कढी, पापड, अळूवड्या, लिंबाचं लोणचं. महिनाभराचा संयम पहिल्या वाढपातच संपला, कढी त्याने तीनदा मागून घेतली. संध्याकाळी त्याने मला फोन केला. एरवी तो वर्षभर करत नाही.

"जेवलो. पायऱ्या चढून घरी आलो. तुझी ती दारं कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात खडावा जाईनात. तृतीयेला पहाटे त्याला आडवं होता येईना, बसूनही श्वास पुरेना. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी त्याला खुर्चीत बसवून सडकेपर्यंत नेलं. ओठ निळे पडले होते, आणि तरी एका हाताने त्याने उपरणं घट्ट धरलं होतं.

इस्पितळात छातीला तारा लावायच्या म्हणून नर्सने ते काढलं. दोन्ही स्तन पोरसवदा मुलीसारखे वाढले होते. वहिनींनी मान खाली घातली.

"वन्सं, त्यांना काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "पाठशाळेत पोरं हसतील म्हणून सोडली गोळी. मलाही शपथ घातली होती."

ती गोळी काही पुरुषांना असं करते. तेच काम करणारी दुसरी गोळी आहे, तिने हे सहसा होत नाही. त्यासाठी डॉक्टरांना एक वाक्य सांगावं लागतं. ज्याला हजारो ऋचा पाठ आहेत, त्याला ते एक वाक्य जमलं नाही.

चतुर्थीला मुख्य आसनावर पाठशाळेतला दुसरा गुरुजी, ढुंढिराज, बसला. दादाला आयुष्यात तो एकच माणूस खरोखर खुपतो. भेटायला येणाऱ्यांना दादा सांगत होता की यजमानांची कढी आंबलेली होती. लोक गेल्यावर त्याने विचारलं, डॉक्टर म्हणतात तशी दुसरी गोळी खरंच आहे का.

"आहे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मी विचारलं होतं, त्रास होतो का."

तो बोटांवर दिवस मोजू लागला. पारायण सात दिवसांचं होतं, शेवटचे दोन दिवस तरी मिळावेत, असा त्याचा हिशोब चाललेला मला दिसत होता. वहिनींनी नवी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्याने गिळली आणि पाण्याचा पेला परत दिला.

"ही लगेच काम करेल ना?"

"नाही," मी म्हणाले. "पेशी सुस्त आहेत."