माझ्या पोटातली चौऱ्याण्णव मतं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी. मला घडवणारा कारागीर फार बोलायचा नाही. त्याने माझं झाकण तीनदा आपटून पाहिलं आणि म्हणाला, “बसलं!” एवढीच काय ती माझी पहिली शाबासकी.

काही वर्षं मी कचेरीतले नकाशे सांभाळले. मग विधानसभेची निवडणूक आली. तेव्हा मतं कागदावर शिक्का मारून देत. मोजणी झाल्यावर एका केंद्राच्या मतपत्रिकांचे गठ्ठे माझ्यात भरले आणि कुलपावर लाखेची मोहोर लावली.

निवडून आले औषधांचे दुकानदार, एकशे सदतीस मतांनी. हरल्या त्या शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई. सगळे त्यांना ताई म्हणत. निकालाचा तक्ता वाचताना ताईंचं बोट एका ओळीवर अडलं. त्यांच्या स्वतःच्या गल्लीतल्या केंद्रावर, म्हणजे ज्याचे गठ्ठे माझ्यात होते तिथेच, त्यांना मतं होती शून्य!

“अहो, तिथे मी मत दिलं, आईने दिलं, ह्यांनी दिलं. ह्यांचं एक वेळ सोडा, पण माझं कुठे गेलं?”

लोक म्हणाले, “ताई, झालं ते झालं. पाच वर्षांनी बघू.” काही जण तोंडावर हसले. पण ताईंनी मुदतीत न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. दुकानदारांवर एका शब्दाने आरोप केला नाही. मागणं एकच, मतं पुन्हा मोजा.

खटला दोन वर्षं चालला. तोवर मी कागदपत्रांच्या कोठीत होते. एके दुपारी तिथला नळ फुटला आणि पाणी माझ्या तळाशी आलं. कोठी सांभाळणारे काका जेवण अर्धं टाकून धावले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना त्यांनी साक्षीला बोलावलं, मला उचलून आपल्या टेबलावर ठेवलं आणि तशी नोंद केली. टेबल मी अडवलं, म्हणून दोन दिवस ते आपलं काम वही गुडघ्यावर घेऊन लिहीत बसले.

पुढे दुकानदारांच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं, “पेटी हलवली कशाला? आत काही घातलं नाही कशावरून?”

काकांनी वही पुढे केली. न्यायाधीशबाईंनी नोंद वाचली, भिंग घेऊन माझी मोहोर न्याहाळली आणि म्हणाल्या, “शाबूत आहे. उघडा.” मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते मलाच ठाऊक!

दुकानदारांच्या नावाची चिठ्ठी लावलेले दोन गठ्ठे निघाले. पहिल्यात त्यांचीच मतं होती. दुसऱ्याची दोरी सोडली, तर चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव कागदांवर शिक्का ताईंच्या चिन्हावर! दमलेल्या कुणा कारकुनाने चुकीची चिठ्ठी लावली होती. चौऱ्याण्णव मतं तिकडून वजा झाली, इकडे मिळाली. ताई एक्कावन्न मतांनी निवडून आल्या.

मागच्या बाकावरून ताईंची आई उठली. “बाईसाहेब, ह्यातलं माझं कुठलं?”

न्यायाधीशबाई हसल्या. “आजी, ते आम्हालाही कळता कामा नये.”

दुकानदार ताईंजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “खरंच सांगतो, मला ह्यातलं काही माहीत नव्हतं.”

“मला ठाऊक आहे हो,” ताई म्हणाल्या. “माझं भांडण मोजणीशी होतं, तुमच्याशी नव्हतं.”

पुढे मतदानाची यंत्रं आली आणि मी अडगळीत पडले. बरीच वर्षं कुणी फडकं फिरवलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता मला न्यायालयाच्या व्हरांड्यात ठेवलंय. तारखेला आलेली माणसं माझ्यावर टेकतात, पाण्याची बाटली ठेवतात, एकमेकांना धीर देतात. मला हे काम आवडतं.

मित्रांनो, तुमच्या हाती कुणाचा एखादा कागद आला, तर तो नीट सांभाळा. आणि “पुन्हा एकदा मोजा” असं कुणी शांतपणे म्हणालं, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि मोजू लागा.