टिंबामागे राहिलेली जुनी फाईल

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असण्याचा संभव नाही. माझ्या नावाआधी एक टिंब आहे, आणि ज्या फाईलच्या नावाआधी टिंब असते तिला संगणक यादीत दाखवत नाही. अशी मी एक जुनी, आडोशाची फाईल आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तेथे अंध मुलांसाठी उठावाच्या ठिपक्यांची पुस्तके छापतात. त्यासाठी संगणकावर एक काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करावी लागते. अक्षरांचे ठिपके करणारा प्रोग्राम मात्र एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये राहतो. त्याच्याकडे जाण्याची वाट संगणक बसवणाऱ्या काकांनी माझ्यात लिहून ठेवली. खिडकी उघडली की संगणक प्रथम मला वाचत असे, आणि मग वाट चुकत नसे. शाबासकी प्रोग्रामला मिळे. मला त्याचे दुःख नव्हते. रोज कोणीतरी आपल्याला वाचते, एवढे मला पुरे होते.

एके दिवशी मालकांनी नवे सॉफ्टवेअर बसवले. त्याने कोणालाही न विचारता माझ्या शेजारी स्वतःची एक फाईल करून ठेवली. आमच्याकडची रीत अशी की, संगणक ठरलेल्या क्रमाने नावे पाहतो आणि जी पहिली भेटेल तीच वाचतो. दुसरीकडे वळूनही पाहत नाही. नवीचे नाव क्रमात माझ्या आधी होते. मी असून नसल्यासारखी झाले.

दुसऱ्या सकाळी छपाई करणाऱ्या ताईंनी नेहमीची आज्ञा दिली. उत्तर आले, ‘आज्ञा सापडली नाही.’ दुपारी अंधशाळेची गाडी विज्ञानाचे पुस्तक न्यायला येणार होती, आणि शाळेत त्याची एकही प्रत नव्हती.

“काल चालत होतं ना? मग हात कुणी लावला?” मालक म्हणाले.

“तुम्हीच लावलात साहेब. ते नवीन काय ते बसवलंत.”

“फाडा, माझ्याच नावावर बिल फाडा.”

“बिल मागाहून. आधी चहा सांगा, आणि मला जरा बघू द्या.”

ताईंनी लपलेल्या फाईलींचीही यादी मागवून आम्हा दोघींना शोधले आणि एक युक्ती केली. नवीत त्यांनी ‘नवी बोलतेय’ असे लिहिले, माझ्यात ‘जुनी बोलतेय’. मग काळी खिडकी उघडली. नवी बोलली. माझे वाक्य माझ्या ओठांतच राहिले.

“असं होय,” ताई म्हणाल्या, “हिला कुणी विचारतच नाही.”

मित्रांनो, माझ्याविषयी कोणी काही बोलले, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

माझ्यातली वाट त्यांनी नवीत उतरवून घेतली. यंत्र खडखडू लागले. गाडीला थोडे ताटकळावे लागले, परंतु ती पुस्तके घेऊनच गेली.

“आता ती जुनी पुसून टाका,” मालक म्हणाले.

“राहू द्या की. बिचारी जागा किती खाते?”

अशी मी राहिले. खिडकी रोज उघडते, वाट माझीच असते, पण विचारतात नवीला. मित्रांनो, नवे अवश्य आणा. तथापि ते आणण्याआधी जुने काय सांभाळून बसले आहे, ते एकदा वाचून पाहा. मला पुन्हा कोणी उघडायचे, तर आता काहीतरी बिघडावे लागेल, मुलांची पुस्तके अडावी लागतील. तशी इच्छा मी कधी धरत नाही. तुम्ही मात्र कोणाची विचारपूस करण्यासाठी काही बिघडण्याची वाट पाहू नका.