बुचाच्या भेटीला

सदाशिव पेठेतलं बुचाचं झाड तोडलेलं नाही, हे सलिल रहीमभाईंना पुन्हापुन्हा सांगत होता. जुनी इमारत पाडून तिथं टॉवर बांधणाऱ्या बिल्डरच्या ऑफिसातला हा तरुण.

"काका, तोडलं नाही, शिफ्ट केलंय. लोणी काळभोरला. तिथं हवा छान आहे."

त्याच्यामागं भिंतीवर नव्या इमारतीचं चित्र होतं. नाव 'वृक्षवैभव'. चित्रात झाड एकच, तेही कुंडीत.

रहीमभाईंचं पुस्तकं बांधायचं दुकान त्या बुचाखाली होतं. बायको, अमिनाबी, दुपारी डबा घेऊन यायची. बहराच्या दिवसांत वरून लांब देठांची पांढरी फुलं टपटप पडत, म्हणून रहीमभाई एका हातानं डब्यावर झाकण धरून जेवत. तोवर अमिनाबी फुलं वेचायची आणि देठात देठ गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करायची.

"मी जन्मभर दोरा ओवतोय, आणि बायकोला दोरा लागत नाही," ते म्हणत.

"तुमचा दोरा गिऱ्हाइकांना लखलाभ."

दुकान गेल्यावर दोघं धायरीला मुलाकडे आली. अमिनाबीचे गुडघे गेले होते, नाक मात्र शाबूत होतं. थंडीची चाहूल लागली की खिडकीशी बसून ती म्हणे, "आता पडायला लागली असतील." यंदा तिनं हुकूमच सोडला.

"अहो, जाऊन बघून तरी या. फुललं असेल तर ओंजळभर आणा. आपलं माणूस दवाखान्यात असलं तर जातोच ना आपण?"

बस बदलत रहीमभाई लोणी काळभोरला पोचले. माळावर ओळीनं खोडं उभी होती. फांद्या उतरवलेल्या, अंगाला गोणपाट. सगळी एकाच न्हाव्याकडून आल्यासारखी. राखणदार बजरंग बाजेवर बसला होता.

"सदाशिव पेठेतलं झाड कोणतं हो?"

"समदी पुण्याचीच हायेत, चाचा. म्हणून तर कुनी कुनाशी बोलत न्हाई."

रहीमभाईंनी खूण सांगितली. "माझ्या झाडाला खिळा आहे. 'येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी मीच ठोकली होती."

बजरंगनं एकेक गोणपाट वर केलं. खिळा प्रत्येकालाच होता. कुणावर कधी क्लासची पाटी असावी, कुणावर पेइंग गेस्टची. झाडाचा उपयोग काय, हा प्रश्न पुण्याला कधी पडलाच नव्हता.

शेवटी रहीमभाई जमिनीवर मांडी घालून बसले आणि बसल्या उंचीवर खोडं चाचपत पुढं सरकू लागले. एका खोडाची साल बोटाखाली मऊ लागली. तिच्यावर बारीक भोकं होती. पुस्तकाच्या पानांना भोकं पाडायचा टोचा काम करताकरता ते बुचाच्या सालीतच खुपसून ठेवत.

"घावलं!" त्यांच्यापेक्षा बजरंगच खूश. "आन् ह्ये बगा, फुटलंय की! परवा साहेब फोटू काढून गेले."

भेगेतून तांबूस, लांब टोकाची पानं डोकावत होती. पिंपळ. कुठल्याशा पाखराची मेहेरबानी. रहीमभाईंनी नखानं बुचाची साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूनं खरवडली. मग खरवडलेली जागा अंगठ्यानं पुसत बसले.

संध्याकाळी अमिनाबीनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"भेटलं?"

"भेटलं."

"फुलं?"

"नाहीत."

"फुटवा तरी?"

"आहे. पिंपळाचा."

"म्हणजे मालक गेला आणि भाडेकरू राहिला."

"पुण्यात दुसरं काय होतं?"

दोघं हसली. हसणं लवकर संपलं. अमिनाबीची बोटं मांडीवर एकमेकांत अडकत होती, सुटत होती.

सकाळी तिनं डबा भरून पुढ्यात ठेवला.

"कुठं निघालोय मी?"

"झाडापाशी बसून जेवा. त्याला सवय आहे. आणि ही पाण्याची बाटली तुमची नाही, पिंपळाची. आपल्या झाडानं ठेवून घेतलंय त्याला."

दुपारी रहीमभाई त्या खोडाला टेकून बसले. सावली नव्हतीच. पिंपळाला पाणी घातलं, डबा उघडला, आणि एका हातानं त्यावर झाकण धरून जेवू लागले.

बजरंग बाजेवरून बघत होता. "ऊन लागतंय व्हय, चाचा?"

"नाही," रहीमभाई म्हणाले. "फुलं पडतात."