पेवाच्या तोंडाशी

“खालचा गडी गप झाला, तर वर तू गप बसायचं न्हाई. वढायचा दोर.”

बापाचा हा आवाज आकारामच्या मनात अजून खणखणीत होता. बाप जाऊन जमाना झाला. जगातले बाकीचे आवाज विरत गेले आणि तेवढा एक उरला.

हरिपूरच्या मातीत हळद साठवायची पेवं होती. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत खोलीएवढा पोकळ अंधार. पेव फोडलं की कोंडलेला वाफारा जाऊ द्यायचा, कंदील सोडून ज्योत टिकते का बघायची, आणि मग आकारामचा जोडीदार अर्जुना कमरेला दोर बांधून उतरायचा. वर दोर आकारामच्या हातात. आत माणूस कधी गुदमरेल याचा नेम नसे. म्हणून खालच्याने गात राहायचं, वरच्याने ऐकत राहायचं.

*पिवळ्या हळदीची, बाई, जमिनीत न्हाणी*
*वरच्या गड्या ऐक, खालच्याची गाणी*

अशी दोघांची उमर गेली.

अलीकडे ते गाणं आकारामला ऐकू येईना. आधी वाटलं, अर्जुनाचा गळा बसला. मग बायको, अंबूबाई, पुटपुटते म्हणून तो तिच्यावर करवादू लागला. खरं कळलं तेव्हा मात्र कुणाला बोलला नाही. दोरावर हात ठेवायचा, खालचा माणूस हलला की दोर हलायचा. तेवढ्यावर त्याने हंगाम रेटला. एकदा अर्जुना वर येऊन म्हणाला होता, “किती हाका मारल्या, झोपलावतास काय रं म्हाताऱ्या?” दोघंही हसले होते. आकारामला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

त्यातच हळदीचा भाव बसला. भाव येईल, भाव येईल म्हणत व्यापाऱ्यांनी पेवं झाकूनच ठेवली आणि त्यांच्या तोंडांवर गवत माजलं. हमाल पांगले, कुणी कारखान्यावर ऊस उतरवायला गेले, कुणी मिरजेच्या मालधक्क्यावर. शेवटी या दोघांचे मालक, व्यापारी कल्लाप्पा अण्णाही थकले. बँक गोदामातल्या मालावर उचल देते, जमिनीतल्या मालाकडे ढुंकून बघत नाही, म्हणून त्यांनी सांगलीत सिमेंटचं गोदाम घेतलं. शेवटचं पेव रिकामं करायचं होतं, आणि गोदामाच्या राखणीला दोघांतला एकच ठेवायचा होता.

अण्णांनी आकारामच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या तोंडाजवळ येऊन, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “तूच ये. तुझा कान लय तिखट. उंदीर पळाला तरी कळंल तुला.”

आकारामने त्यांच्या ओठांवरून शब्द टिपले आणि मान डोलावली. अर्जुनाने हेवा केला नाही. म्हाताऱ्याला सावलीतलं काम बरं, आपण जाऊ उसावर, असं म्हणत त्याने कमरेला गाठ मारली.

पेव फार दिवस बंद होतं. कंदिलाची ज्योत खाली जाऊन बारीक झाली, मग सावरली. अर्जुना उतरला. पोती भरायला बसला तसा दोर ढिला पडला. हलेना.

आकारामने पेवाच्या तोंडात डोकं घातलं. हळदीचा उग्र वास तेवढा आला. गात असेल. गातच असेल. नसेल तर? मागे अण्णा गोदामाच्या किल्ल्या हातात खेळवत उभे होते. आकारामने पाय रोवले आणि सगळ्या अंगाने दोर ओढला.

केसांपासून नखांपर्यंत पिवळा झालेला अर्जुना अर्धा बाहेर आला, तो शिव्या देतच. आकाराम त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

“पोतं तसंच सांडलं न्हवं. गात हुतो की मी!”

“गात आसशील गड्या.” आकारामने दोर त्याच्या हातात दिला आणि अण्णांकडे वळला. “अण्णा, माझं कान गेल्यात. वरीस झालं, काय बी ऐकू येत न्हाई. हितं दुसरा मानूस बसवा. आन् गोदामावर अर्जुनाला घ्या.”